३.०७ चा क्राउन म्हणजे ओव्हरड्राइव्ह नव्हे

अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाला एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन फार ओरडतं, अशी तक्रार बडोद्यात कुणी केली की उत्तर ठरलेलं असतं: "ओव्हरड्राइव्हच्या गिअरबॉक्सपायी एवढा खर्च कशाला? व्ही-एटचा ३.०७ चा क्राउन-पिनियन टाका, तेच काम होतं." (ओव्हरड्राइव्ह म्हणजे हवा तेव्हा लावून इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर. व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरची एमजीबी. क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, आणि ३.०७ हा तिचा रेशो.) २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला, तेव्हापासून गावात या गाड्यांची हौस वाढली आणि तिच्याबरोबर हा सल्लाही. पंचाईत अशी, की सल्ला देणाऱ्याचा आकडा बरोबर असतो. चुकतो तो त्यावरून काढलेला अर्थ.

आकडा लहान तर इंजिनाचे फेरे कमी, एवढं माहीत आहे असं धरून चालतो. कारखान्यातून आलेल्या चार सिलिंडरच्या, १७९८ सीसीच्या एमजीबीचा मागचा रेशो ३.९०९ असतो: क्राउनला ४३ दात, पिनियनला ११. टॉपमध्ये इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असताना गाडी ताशी २८.८ किमी धावते. म्हणजे शंभरला साधारण ३,४७० फेरे. लेकॉक कंपनीचा डी-टाइप ओव्हरड्राइव्ह ते ०.८०२ पटीवर आणतो, म्हणजे २,७८५. ओव्हरड्राइव्ह न लावता ३.०७ चा सेट (४३ आणि १४ दात) बसवला, तर २,७२५. फरक साठ फेऱ्यांचा, टॅकोमीटरच्या काट्याला तो दिसणारही नाही. इथपर्यंत दोन्ही उपाय सारखेच, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो.

तो हिशेब फक्त टॉप गिअरचा आहे. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्या मागे बसतो आणि बटण दाबल्यावरच कामाला लागतो, तोही तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्येच (१९७७ पासूनच्या गाड्यांत फक्त चौथ्यात). क्राउन-पिनियन मात्र सगळ्या गिअरांच्या पुढे, चाकांच्या अगदी तोंडाशी बसलेला असतो. तो बदलला की पहिला, दुसरा, तिसरा, टॉप आणि रिव्हर्स, सगळेच एकदम बदलतात, आणि बटण दाबून जुने परत मिळत नाहीत. जिन्याला वर एक जास्तीची पायरी जोडणं वेगळं, आणि असलेली प्रत्येक पायरी उंच करून ठेवणं वेगळं.

किती उंच, ते बघा. चारही गिअरांना सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणूनची रचना) असलेल्या बॉक्सचा पहिला गिअर ३.४४ चा. ३.९०९ ने गुणला तर १३.४५, ३.०७ ने गुणला तर १०.५६. चाकावर पोचणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये एकवीस टक्क्यांहून जास्त घटला. इंजिन तेच, वजन तेच, फक्त ओढ एक पंचमांशापेक्षा जास्त कमी. स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलं तसंच ठेवलेल्या इंजिनात ही तूट भरून काढणारं दुसरं काही नसतं.

गावात हे आधी जाणवतं. क्लच पूर्ण सोडून हजार फेऱ्यांवर पहिल्या गिअरमध्ये जुना सेट गाडीला ताशी ८.४ किमीने नेतो, ३.०७ चा १०.७ ने. कागदावर किरकोळ वाटतं. नवरात्रात गरबा सुटल्यावर रावपुऱ्यातून किंवा मांडवीच्या दरवाजाजवळून गाडी काढून दाखवा, मग कळेल. पुढचा माणूस चालतोय त्या वेगाने जायचं, तर ८.४ ला कसंबसं निभतं, १०.७ ला सतत हाफ क्लच. क्लच प्लेट जळाल्याचा वास यायला लागला की दोष क्लचला दिला जातो, एक्सलकडे कुणी बघत नाही. रिव्हर्सचंही तेच: बंगल्याच्या उतरत्या रॅम्पवरून मागे-मागे वर चढताना क्लचचा जीव जातो.

चढावर प्रकरण आणखी बिघडतं. पावागडला माचीपर्यंत मोटार जाते. त्या वळणांवर ताशी चाळीस धरा. जुन्या सेटवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन बरोबर ३,००० फेऱ्यांवर असतं, आणि या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) तिथेच मिळतो. ३.०७ वर तोच दुसरा गिअर इंजिनाला २,३७० वर आणतो. तिथे टॉर्क कमी, वरून चाकावर जोरही कमी. पाय दाबला की नॉकिंग, म्हणजे इंजिनाची ठकठक, सुरू. पहिल्यात टाकावं तर ३,७५० फेरे, इंजिन किंचाळणार. दोन्ही गिअर त्या वेगाला चुकतात, मधला गिअर नाही. मे महिन्यात हे करत असाल तर तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. जुन्या एमजीबीचा पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतात, फेरे कमी तेवढा वारा आणि पाणी कमी, आणि ते नेमकं लोड सगळ्यात जास्त असताना.

ओव्हरड्राइव्हवाली गाडी तोच चढ जुन्याच दुसऱ्या गिअरवर चढते, कारण बटण बंद असलं की ती जुनीच गाडी असते. शिवाय तिसऱ्यात ओव्हरड्राइव्ह लावला तर टॉपच्या किंचित खालचा एक गिअर मिळतो (डी-टाइपच्या बॉक्समध्ये १.३७ गुणिले ०.८०२, म्हणजे १.१०). हालोलच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलात तर त्याचा उपयोग कळतो: क्लचला पाय न लावता बटण बंद, गाडी पुढे.

"पण व्ही-एटला कारखान्यानेच ३.०७ दिला होता ना?" दिला होता. १९७३ ते १९७६ मध्ये बनलेल्या त्या गाडीचं इंजिन ३५२८ सीसीचं, टॉर्क चार सिलिंडरच्या साधारण पावणेदोनपट. तिला १०.५६ सुद्धा जास्तच झालं असतं, म्हणून तिच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअरही वेगळा, आणखी लांब ठेवला होता. आणि त्या गाडीला ३.०७ असूनही ओव्हरड्राइव्ह होताच! म्हणजे ज्या कारखान्याचा दाखला देताय, त्यानेही एकाच्या जागी दुसरं वापरलं नव्हतं. दोन्ही एकत्र स्टॉक १८०० ला लावले तर शंभरला २,१९० फेरे येतात. त्या फेऱ्यांवर या इंजिनाकडे राखीव ओढ फारशी उरत नाही, जरा चढ लागला की ओव्हरड्राइव्ह काढावा लागतो.

टॉप स्पीड वाढेल, हाही एक भ्रम. स्टॉक एमजीबी डायरेक्ट टॉपमध्येच आपल्या पूर्ण ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोचते. रेशो लांब केला की ती तिथवर पोचतच नाही.

आधी टायर बघा

एक्सलला हात लावण्याआधी गाडी खाली वाकून बघा. मूळ टायर पूर्ण उंचीचा, १५५ किंवा १६५ आर १४. आज कित्येक गाड्यांवर "रुंद दिसतो म्हणून" १८५/६० आर १४ चढवलेला असतो. त्याचा व्यास १६५/८० पेक्षा सुमारे सात टक्के कमी. त्यामुळे ३.९०९ चा एक्सल प्रत्यक्षात ४.१९ सारखा वागतो, आणि शंभरला ३,४७० च्या जागी ३,७०० च्या पुढे फेरे जातात. निम्मी तक्रार त्या टायरचीच असते. मूळ मापाचे टायर घालून एकदा एक्स्प्रेसवेवर जाऊन या, मग खर्चाचं बोला.

मग आत खरोखर कोणता सेट आहे ते मोजा. पन्नास वर्षं जुन्या गाडीच्या कागदांवर विश्वास ठेवू नये. पुढची चाकं आणि मागचं एक चाक ओंडके लावून अडवा, मागचं दुसरं चाक जॅकवर उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रॉपेलर शाफ्टवर आणि चाकावर खडूची खूण करा. चाक बरोबर वीस वेळा फिरवा. एकच चाक फिरत असल्यामुळे क्राउन त्याच्या निम्मे, म्हणजे दहा फेरे घेतो. शाफ्टचे ३९ फेरे आणि वर थोडंसं भरलं तर ३.९०९. ३७ तर ३.७, ३३ तर ३.३, पावणेएकतीसच्या आसपास तर कुणीतरी आधीच "तेच काम" करून ठेवलंय.

बसवताना

सेट बदलायचाच असेल तर क्राउन आणि पिनियन एकाच जोडीचे हवेत, दोन्हींवर कोरलेला नंबर जुळला पाहिजे. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन लावला तर साठच्या वेगाला "हूंऽऽ" असा आवाज सुरू होतो, तो कुठल्याही शिमने (पातळ चकतीने) जात नाही. पिनियनचे दात वाढले की तो जाडही होतो आणि क्राउनची जागा सरकते, म्हणून त्या सेटचा डिफरन्शियलचा पिंजराही त्याच गाडीचा आहे का ते विचारून घ्या. अँबॅसेडर बीएमसीच्याच घराण्यातली म्हणून तिचा सेट "बसून जाईल" असं म्हणणाऱ्याला आधी दात आणि स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) मोजायला सांगा.

सुरुवातीच्या एमजीबीचा बँजो एक्सल सोपा. हाफ शाफ्ट बाहेर ओढले की डिफरन्शियलचा अख्खा गड्डा पुढून निघतो, मकरपुरा जीआयडीसीतल्या चांगल्या टर्नरच्या बेंचवर सेट करता येतो. नंतरचा ट्यूब एक्सल हट्टी. त्याचं हाउसिंग फाकवायला खास स्प्रेडर लागतो, आणि पहारीने फाकवलं तर ते कायमचं वाकडं होतं. आधी पिनियनची खोली, मग पिनियन बेरिंगचा ताण, मग बॅकलॅश (दातांमधली मोकळीक), शेवटी दातांवर मार्किंग ब्ल्यू लावून उमटलेला ठसा, हा क्रम बदलायचा नाही. बॅकलॅश क्राउनवर कोरलेला असेल तोच घ्यायचा, मिस्त्रीच्या अंगठ्याचा अंदाज नाही. एक्सलमध्ये हायपॉइडचं ईपी ९० ऑइल. पहिले सात-आठशे किलोमीटर नरम चालवायचे.

स्पीडोमीटरची गोष्ट कुणीच सांगत नाही. त्याची केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून निघते, त्यामुळे ३.०७ लावल्यावर खऱ्या शंभरला काटा फक्त ७८-७९ एवढंच सांगतो. मीटर नव्या हिशेबाने कॅलिब्रेट करून घ्या. वेगाचा कॅमेरा तुमचा काटा बघत नाही.

ओव्हरड्राइव्हमध्ये केबल त्याच्याही मागून निघते, म्हणून तो चालू-बंद केल्याने वेगाचा आकडा चुकत नाही. मात्र मीटर त्या गिअरबॉक्सच्याच जोडीचा घ्या. त्याच्या अडचणी वेगळ्या. साध्या गिअरबॉक्सला तो मागून नुसता जोडता येत नाही, आतला मुख्य शाफ्टच वेगळा असतो, म्हणून ओव्हरड्राइव्हसकट पूर्ण बॉक्स घ्यावा लागतो. एमजीबीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर येतात, म्हणजे काम मोठं. प्रॉपेलर शाफ्टची लांबी आधीच मोजून ठेवा. वापरलेला बॉक्स घेतल्यावर "ओव्हरड्राइव्ह गेलाय" असं वाटलं तर आधी वायरिंग, सोलेनॉइड आणि बॉक्सवरचा इनहिबिटर स्विच (नको त्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्ह लागू न देणारा) तपासा, निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. तो स्विच कधीही बायपास करू नका: ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला तर आतला एकदिशा रोलर क्लच मोडतो. आणि या बॉक्समध्ये इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० ऑइल घालतात. गॅरेजवाला सवयीने ईपी ९० ओततो, त्यात ओव्हरड्राइव्हचा कोन क्लच घसरायला लागतो. त्याच्या हातातून डबा काढून घ्यायला लाजू नका.

पाच गिअरचा फोर्डचा बॉक्स लावणारेही आहेत. पाचवा ०.८२ चा, काम होतं, पण गाडी स्टॉक राहत नाही. ओव्हरड्राइव्ह कारखान्याच्याच यादीतला पर्याय होता, जुन्या मोटारींच्या स्पर्धांतले परीक्षकही त्याला नाक मुरडत नाहीत.

तेव्हा स्टॉक १८०० ला ३.९०९ तसाच ठेवून ओव्हरड्राइव्ह. तो मिळत नसेल आणि गाडी एक्स्प्रेसवेवर खरोखरच वरचेवर जात असेल, तर ३.७. शंभरला दोनशेच्या आत फेरे कमी होतात, पण गाडी मरत नाही. ३.३ सपाटीवर दोघांपुरता चालेल, शंभरला २,९४० च्या आसपास. ३.०७ व्ही-एटला ठेवा.

एमजीबीच्या आधीच्या एमजी टीडीचा हिशेब मात्र याच्या उलट. तिला कारखान्याचा ओव्हरड्राइव्ह नव्हताच आणि मूळ रेशो ५.१२५, ऐंशीलाच ३,४५० फेरे. तिथे क्राउन बदलणं हाच सरळ मार्ग. तिच्या पुढच्या मॉडेलचा, टीएफचा, ४.८७५ डोळे मिटून घाला. टीएफनंतरच्या एमजीएचा ४.३ घातला तर ऐंशीला २,९०० च्या खाली येतात, पण इंजिन साडेबाराशे सीसीचं आहे. तो फक्त अशा गाडीला लावा, जी बडोद्याहून अहमदाबादेला जाते आणि पावागड खालूनच बघते.