बाळंतिणीचं पोट उघडं ठेवतात, ते का?

पोट उघडलं की काम पुरं करायचं, शिवायचं आणि मगच हातमोजे काढायचे, ही सर्जरीची जुनी शिस्त. आज नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आयसीयूबाहेर एखादा सासरा ‘टाके नाही मारले का जी अजून?’ असं विचारतो, तेव्हा तो या शिस्तीच्याच बाजूनं बोलत असतो. कारण आत त्याच्या अत्यवस्थ सुनेचं पोट ऑपरेशननंतर मुद्दामच न शिवता ठेवलेलं असतं.

शिस्त मोडली ती युद्धानं. १९४० मध्ये ब्रिटिश सर्जन हेनेज ओगिल्वी यांनी जखमी सैनिकांचं पोट ओढूनताणून शिवण्याऐवजी व्हॅसलिन लावलेलं जाड कापड बसवायची युक्ती मांडली. पुढं ती मागेच पडली. १९८३ मध्ये अमेरिकेत हार्लन स्टोन यांनी ऑपरेशन करताना रक्त गोठेनासं झालेल्या ३१ रुग्णांचा हिशेब दिला. १४ जणांचं ऑपरेशन नेहमीसारखं तडीस नेलं, त्यातला एक वाचला. १७ जणांच्या पोटात पॅक, म्हणजे कापडाच्या घड्या, दाबून ऑपरेशन अर्ध्यावर थांबवलं, त्यातले ११ वाचले. आकडे लहान आहेत, पण डोळ्यांत भरतात. अंग गार पडलेलं, रक्तात आम्ल वाढलेलं आणि गोठण्याची ताकद संपलेली असली, की टेबलावरचा प्रत्येक जादा तास रुग्णाला खाली ओढतो. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या रोटोंडो आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीला नौदलाकडून नाव उसनं घेतलं: डॅमेज कंट्रोल, म्हणजे आधी नुकसान आवरायचं.

पण अर्ध्यावर थांबणं वेगळं आणि पोट उघडं ठेवणं वेगळं. दुसऱ्याचं कारण दाब. भरपूर सलाइन आणि रक्त गेलं की आतडी सुजतात. घट्ट शिवलेल्या पोटात दाब वाढतो, लघवी आटते, व्हेंटिलेटर हवा ढकलायला झगडतो. १९८४ मध्ये क्रॉन या सर्जननी हा दाब कॅथेटरमधून, म्हणजे लघवीच्या नळीतून, मूत्राशयातच मोजायची रीत दाखवली. आज पाऱ्याच्या १२ मिलिमीटरपासून दाब वाढलेला मानतात. तो सतत २० च्या वर राहिला आणि एखादा अवयव नव्यानं बंद पडू लागला, तर ती इमर्जन्सी.

त्याच १९८४ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात ओस्वाल्दो बोराएस यांनी सलाइनची रिकामी पिशवी कापून पोटाच्या कडांना शिवली. तीच बोगोटा बॅग. आपल्याकडे निर्जंतुक युरोबॅग (लघवी जमा करायची पिशवी) उभी चिरून तेच काम भागवतात. आरपार दिसतं, आतडं गुलाबी आहे की काळवंडतंय ते पट्टी न सोडता कळतं. पोटातलं पाणी ओढून घेणारी महागडी व्हॅक्यूमची यंत्रणा नंतर आली. ती उत्तमच, पण ती नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

प्रसूतिशास्त्रात हे उशिरा आलं, याचं मला नवल वाटतं. कारण निम्मं काम बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीपासून येत होतं: गर्भाशय काढूनही ओटीपोटातलं रक्त थांबेना, तर पॅक दाबून ठेवायची रीत लोगोथेटोपुलोस यांनी १९२६ मध्येच सांगितली होती. बाळंतपणानंतर पोटाची भिंत सैल असते, त्यामुळे दाबाचा संशय चटकन येत नाही, हे एक कारण असावं. आता वारंवार सिझेरियन झालेल्या बायकांमध्ये वार (प्लासेंटा) जुन्या व्रणात रुतून बसते, ती सोडवताना रक्ताचे पाट वाहतात. शिवाय फाटलेलं गर्भाशय, प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजारात) यकृतातून होणारा रक्तस्राव, पोटभर पसरलेला पू: अशा वेळी ही पद्धत लागते.

विदर्भात यात भर पडते ती रक्तक्षयाची आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोलीहून किंवा बालाघाटहून रेफर होऊन येईपर्यंत बाईच्या अंगात गाठीला फारसं उरलेलं नसतं. म्हणून थांबण्याचा निर्णय पहिल्या तासाभरातच व्हायला हवा, सगळं करून थकल्यावर नव्हे.

उघडं पोट फुकटही नाही. त्यातून पाणी आणि प्रथिनं झिरपत राहतात, कडा मागे सरकतात, आतड्याला भोक पडलं तर महिनोन्‌महिने निस्तरावं लागतं. म्हणून २४ ते ४८ तासांत पुन्हा थिएटर आणि जमेल तर आठवड्याच्या आत पोट बंद. नातेवाइकांना दुसऱ्या ऑपरेशनची सही आणि रक्तदाते, दोन्ही पहिल्याच रात्री सांगून ठेवावे लागतात.