चालता चालता बंद पडणारी पिकअप : गाडी गॅरेजला आणण्यापूर्वी वाचावे

पिकअप भर रस्त्यात अचानक बंद पडते, दहा-पंधरा मिनिटे थांबले की काही झालेच नव्हते अशी सुरू होते, आणि गॅरेजच्या आवारात आणून उभी केली की दिवसभर एकदाही बंद पडत नाही, ही तक्रार आमच्याकडे वर्षभर येत असली तरी मार्च ते मे या आंब्याच्या हंगामात ती जवळजवळ रोज येते. पेट्यांनी भरलेल्या आणि मासळीच्या गाड्या आंबा घाट चढून कोल्हापूरकडे निघालेल्या असतात, माल नाशवंत असतो आणि पुढे वेळेवर पोहोचायचे असते, त्यामुळे मालकांची व चालकांची घाई आम्हांला पूर्ण समजते. मात्र त्याच घाईत, गाडी आमच्याकडे पोहोचण्याआधीच, बहुतेक जण एक गोष्ट करून बसतात आणि तिच्यामुळे एका दिवसाचे काम चार दिवसांवर जाते. ती टळावी, यासाठी हे पत्रक काढले आहे.

ती गोष्ट म्हणजे बॅटरीचे टर्मिनल काढून पुन्हा लावणे.

बोलेरो पिकअप असो, योद्धा असो की दोस्त, आजच्या डिझेल पिकअपमध्ये किती डिझेल कधी सोडायचे हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक प्रदूषण निकष, लागू झाल्यावर तर या गाड्यांतील सेन्सरांची संख्या आणखी वाढली. एखाद्या सेन्सरचा सिग्नल तुटला किंवा डिझेलचा दाब ठरल्यापेक्षा खाली आला, तर ईसीएम त्या दोषाचा कोड नोंदवतो आणि पुष्कळदा त्यासोबत त्या क्षणाची परिस्थितीही साठवतो : इंजिनाचे फेरे किती होते, कूलंट किती गरम होते, गाडीचा वेग काय होता, इंजिनावर लोड किती होता. कधी तरी बंद पडणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही नोंद म्हणजे घटनास्थळाचा पंचनामाच असतो, कारण बिघाड घडला तेव्हा आम्ही तेथे नव्हतो आणि गॅरेजमध्ये तो घडून दाखवीत नाही. अनेक गाड्यांत टर्मिनल निघाल्याबरोबर ही नोंद पुसली जाते. शिवाय कित्येक गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही ईसीएम काही सेकंद जागा राहून माहिती साठवत असतो आणि नेमक्या त्याच वेळी टर्मिनल सुटले तर नोंद व्हायचीच राहते. मग गाडी आमच्याकडे येते, आम्ही स्कॅनर लावतो आणि पडद्यावर ‘दोष नाही’ एवढेच दिसते.

टर्मिनल काढून लावले की गाडी सुरू होते, असे आमचे ग्राहक खात्रीने सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. गाडी खरोखरच सुरू होते. परंतु पाना शोधून, बॉनेट उघडून, टर्मिनल काढून परत बसवेपर्यंत जी दहा मिनिटे जातात, तीच बहुतेक वेळा ती गाडी सुरू करतात. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरची, तापल्यावर आतून तुटणारी तार तेवढ्यात थंड होऊन पुन्हा जुळते, किंवा डिझेल टाकीतल्या जाळीवर ओढ लागून चिकटलेला कचरा ओढ थांबल्यावर खाली बसतो. हात न लावता नुसते बसून राहिले असते तरी गाडी सुरूच झाली असती. याला एक अपवाद आहे, तो म्हणजे टर्मिनलचा क्लॅम्पच सैल असणे. अशा वेळी तो काढून घट्ट बसवल्याने मूळ दोष खरोखर दूर होतो, पण आपण तसे सांगितले नाही तर आम्ही नसलेला दोष शोधत बसतो. तेव्हा टर्मिनल काढलेच असेल, तर ते मोकळेपणाने सांगावे. त्याबद्दल येथे कोणी बोल लावणार नाही.

मोबाईलला जोडायचे छोटे स्कॅनर आता अनेकांकडे असतात. ते वापरण्यास हरकत नाही, परंतु कोड दिसला की लगेच पुसू नये. आधी पडद्याचा फोटो काढून ठेवावा आणि तो आमच्याकडे पाठवावा.

एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणारी एक पिकअप पंधरा दिवसांत तीन वेळा साखरप्याच्या पुढे चढावर बंद पडली. दर वेळी चालकाने टर्मिनल काढून लावले आणि पुढचा प्रवास केला. दुसऱ्या एका ठिकाणी डिझेल फिल्टर आणि क्रँक सेन्सर असे दोन्ही बदलून झाले होते, तरी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. आमच्याकडे आली तेव्हा ईसीएममध्ये काहीही नव्हते. आम्ही मालकांना विनंती केली की, पुन्हा बंद पडली तर कशालाही हात न लावता थांबावे, सुरू झाल्यावर थेट आमच्याकडे यावे. चौथ्या वेळी त्यांनी तसे केले आणि या वेळी नोंद मिळाली : क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला, तेव्हा इंजीन पुरते तापलेले, वेग कमी आणि लोड जवळजवळ पूर्ण. सेन्सर तर नवा होता. कोड हा भागाचे नाव सांगत नाही, तो त्या भागापासून ईसीएमपर्यंतच्या संपूर्ण वाटेकडे बोट दाखवतो, हे लक्षात ठेवून आम्ही गाडीखाली जाऊन वायरिंग पाहिले. हौद्याच्या पुढच्या पत्र्याचा सांधा उघडला होता आणि ब्रेक मारला की मासळीच्या बर्फाचे खारट पाणी पुढे येऊन गिअरबॉक्सजवळच्या कनेक्टरवर ठिबकत होते. कनेक्टर उघडला तर आतली एक पिन हिरवट पडून निम्मी झिजलेली. सपाटीवर ती कशीबशी टेकून राही, पण भरल्या गाडीने चढ घेताना इंजीन माउंटिंगवर थोडे कलते, वायर ताणली जाते, आणि तेवढ्यात संपर्क सुटे. इंजीन सुरू ठेवून आमच्या फिटरने तो कनेक्टर दोन बोटांनी हलवला आणि गाडी आमच्या डोळ्यांसमोर बंद पडली. पिन बदलली, वायर थोडी सैल सोडून बांधली, हौद्याचा सांधा बुजवला. त्या पिनेखेरीज नवा भाग एकही लागला नाही. पहिल्याच वेळी नोंद शाबूत मिळाली असती, तर दोन भागांचा खर्च आणि तीन फेऱ्यांचा मनस्ताप वाचला असता.

गाडी बंद पडताना चालकाने काय पाहिले, हे आम्हांला स्कॅनरइतकेच उपयोगी पडते. सर्वांत महत्त्वाचा आहे तो मीटरमधला आरपीएमचा काटा. गाडी गिअरमध्ये असून चाके फिरत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर सिग्नल किंवा वीजपुरवठा तुटल्याचा संशय धरावा. तोच काटा इंजिनाबरोबर हळूहळू खाली आला, आधी गाडीने झटके मारले, चढावर ओढ कमी झाली, तर दोष बहुधा डिझेलच्या बाजूचा असतो. मीटरवरचे सगळे दिवे एकाच वेळी गेले असतील, तर टर्मिनल, मुख्य फ्यूज, रिले किंवा किल्लीचा स्विच यांकडे आधी पाहावे लागते. बंद पडल्यावर टाकीचे झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज आला का, हेही सांगावे, कारण झाकणाचा श्वासमार्ग चिखलाने बुजला की टाकीत निर्वात तयार होतो आणि चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर डिझेल पुढे येईनासे होते. टाकीत डिझेल किती होते, शेवटचे कोठे भरले, गाडी भरलेली होती की रिकामी, किती मिनिटांनी सुरू झाली, एवढे चार शब्द चालकाने कागदावर लिहून आणले तरी आमचा अर्धा दिवस वाचतो. गाडी बहुतेक वेळा मालक घेऊन येतात आणि बंद पडली तेव्हा गाडीवर चालक असतो. म्हणून शक्य असेल तर चालकालाच पाठवावे, निदान फोनवर आमच्याशी बोलते करावे.

गाडी दोन दिवस ठेवून का घेता आणि भाग बदलला नाही तरी तपासणीचे पैसे का घेता, असे आम्हांला वारंवार विचारले जाते. गरम झाल्यावरच येणारा दोष थंड गाडीत सापडत नाही. आम्ही स्कॅनर जोडून गाडी निवळी घाटाने बावनदीपर्यंत उतरवतो आणि पुन्हा चढवतो, तीही भार घालून. आमच्या आवारात जांभ्याचे चिरे रचून ठेवलेले आहेत ते याच कामासाठी. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत, सेल्फ मारत असताना, व्होल्टमीटर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक दाखवू लागला, तर अर्थिंगची पट्टी काढून घासल्याशिवाय पुढचा एकही भाग आम्ही बदलत नाही. अंदाजाने सेन्सर, मग पंप, मग इंजेक्टर असे बदलत गेल्यास बिल मोठे होते आणि दोष राहतो. तपासणीची रक्कम आम्ही गाडी घेतानाच सांगतो आणि दुरुस्ती येथेच केल्यास ती अंतिम बिलातून वजा करतो. बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत दिला जातो. तो मागून घ्यावा.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना घाटमाथ्यावरच्या गाड्यांपेक्षा वेगळी निगा लागते, हे आमचे ठाम मत आहे. खारी हवा, बर्फाचे पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे येथे अर्थिंगचे बोल्ट आणि कनेक्टर फार लवकर खराब होतात, आणि ते बाहेरून चांगलेच दिसतात. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवल्यास आतल्या दमट हवेचे पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते, म्हणून रात्री टाकी भरून ठेवावी आणि फिल्टरमधील पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी पाणी सोडून घ्यावे. आंब्याच्या गाड्यांसाठी आम्ही फेब्रुवारीत, तर मासळीच्या गाड्यांसाठी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात अर्थिंग व कनेक्टर साफ करण्याचे, टाकी उतरवून धुण्याचे आणि हौद्याचे सांधे बुजवण्याचे काम एकत्र घेतो. त्या काळात गाडी तशीही उभी असते आणि आम्हांलाही घाई न करता काम करता येते.

घाटात गाडी बंद पडलीच, तर काही गोष्टी जिवाच्या आहेत. इंजीन बंद होताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न सोडता एकदाच दाबून धरावा, गाडी न्यूट्रलवर उतरवू नये, चारही इंडिकेटर लावून ती डाव्या कडेला घ्यावी, गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चाकाखाली दगड द्यावा. निघताना तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाकावा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला रात्री तो दिसत नाही.

त्यानंतर किल्ली बंद करून एक मिनिट थांबावे, बॉनेट उघडले तरी बॅटरीला हात लावू नये, आणि किल्ली पुन्हा चालू करून मीटरवर कोणते दिवे लागलेले राहतात त्याचा फोटो काढून आम्हांला पाठवावा. सेल्फ त्यानंतरच मारावा. गाडी सुरू होऊन माल पोहोचवता आला, तर परतीच्या वाटेवर थेट आमच्याकडे आणावी. सुरूच झाली नाही आणि टोइंग करावे लागले, तरी टर्मिनल जोडलेलेच राहू द्यावे.