खोटी रेकी, खरा आराम

कॅन्सरची केमो चालू असलेल्या पेशंटवर रेकीचा, म्हणजे अंगावर हात ठेवून एनर्जी देतात म्हणे त्या उपचाराचा, एक प्रयोग अमेरिकेत झाला होता, 2011 साली छापून आला. 189 पेशंट, तीन गट. एका गटाला केमोचं सलाईन चालू असताना खरी रेकी, दुसऱ्याला खोटी म्हणजे हात तसेच ठेवायचे पण नुसती नक्कल, आणि तिसऱ्याला फक्त नेहमीची ट्रीटमेंट. रेकीवाल्यांना बरं वाटलं. गंमत म्हणजे खोट्या रेकीवाल्यांनाही वाटलं, तिसऱ्या गटात मात्र काही फरक नाही. संशोधकांचं म्हणणं, एक नर्स पूर्ण वेळ फक्त तुमच्यासाठी शेजारी बसलीय यानेच माणसाला हलकं वाटतं, एनर्जी असो नसो.

मला विचाराल तर रेकी आणि रिफ्लेक्सॉलॉजी (तळपायाचे ठरावीक बिंदू दाबून शरीरातले अवयव बरे करतात म्हणे, ती) यांचं सगळं भांडण या एका प्रयोगात आलं. बरं वाटतं हे खोटं नाही, फक्त ते का वाटतं याची जी गोष्ट सांगतात ती टिकत नाही.

रेकीची गोष्ट अशी की 1922 साली जपानात क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर मिकाओ उसुई यांनी 21 दिवस उपास केला न त्यांना ही शक्ती मिळाली, पुढे हवाईच्या हावायो ताकाता यांनी ती अमेरिकेत नेली. मग शिकायच्या पायऱ्या, लेव्हल वन, लेव्हल टू, मास्टर. पण ही एनर्जी कुठल्या यंत्रावर कधी दिसलेली नाही. फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे अंगभर सतत दुखणाऱ्या 100 पेशंटवर अमेरिकेतच खऱ्या रेकी मास्टरची तुलना चक्क रेकीचं नुसतं सोंग करणाऱ्या नटांशी केली होती (2008 ची गोष्ट), तिथे तर दोघांनीही दुखणं कमी झालं नाही.

रिफ्लेक्सॉलॉजी प्राचीन वगैरे म्हणतात पण आजचा तळपायाचा नकाशा शंभरेक वर्षांचाच आहे. विल्यम फिट्झगेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या अमेरिकन डॉक्टरने अंगाचे उभे 10 पट्टे पाडले, 1917 ला त्यावर पुस्तक काढलं, आणि 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी ते सगळं पायावर आणून बसवलं. अंगठा म्हणजे डोकं, पायाची आतली कड म्हणजे मणका, असं. आता तळपायाच्या नसा कुठे जातात तर पोटरीतून वर कमरेच्या मणक्यात, तिथून मेंदूकडे. किडनीला थेट जाणारी वायर त्यात नाही, आणि वेगवेगळे तक्ते शेजारी ठेवले तर त्यांचं आपसातही जुळत नाही. 2009 मध्ये 18 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हाही कुठल्याच आजारावर याचा खात्रीचा पुरावा निघाला नाही.

आपल्याकडे याचंच भावंड म्हणजे काशाची वाटी. तूप किंवा खोबरेल लावून वाटीने तळपाय घासले की झोप मस्त लागते, आजी लावायची, मलाही आवडतं. पण हल्ली त्याची मशीन आलीत आणि वाटीखाली काळं झालं की सांगतात बघा अंगातली उष्णता निघाली. अहो कासं म्हणजे तांबं न कथील, ते तुपातल्या आम्लाबरोबर घासलं की काळपट होणारच, त्यात तुमच्या उष्णतेचा काय संबंध!

मग बरं वाटण्यात वाईट काय? काहीच नाही, पण वाटणं आणि होणं यात किती अंतर असू शकतं ते दम्यात दिसतं. 2011 च्याच एका अभ्यासात पेशंटना कधी औषधाचा खरा पंप (इनहेलर), कधी औषध नसलेला पंप, कधी खोटं अ‍ॅक्युपंक्चर दिलं. विचारलं तर या तिन्हींत जवळपास सारखंच बरं वाटलं, निम्म्याच्या आसपास सुधारणा. फुंकर मारून फुफ्फुसं मोजली तेव्हा खऱ्या पंपाने 20 टक्के सुधारणा, बाकी सगळ्यांनी 7 च्या आसपास, आणि काहीच न देता नुसतं बसवलं तरी तेवढीच. श्वास मोकळा वाटतोय पण नळ्या आकसलेल्याच, म्हणजे पंप घरी ठेवून फिरणारा माणूस अडचणीत येणार.

कॅन्सरमध्ये हेच जिवावर बेततं. 2018 च्या एका अमेरिकन अभ्यासात नेहमीच्या उपचारांबरोबर असं काही पूरक घेणाऱ्यांपैकी 34 टक्के लोकांनी केमो नाकारली होती, बाकीच्यांत हे प्रमाण 3 टक्के, आणि पूरकवाल्यांत मृत्यूचा धोका दुप्पट. पाय चेपून घेतल्याने कोणी गेलं नाही, केमो नाकारल्याने गेले. त्यामुळे थेरपिस्ट गोळ्या बंद करा म्हणाला की पैसे देऊन उठायचं, वाद घालत बसू नका.

डायबेटीसवाल्यांनी अजून एक बघा, बागेतले गोट्यांचे ट्रॅक, प्रदर्शनात मिळणारे काटेरी रोलर यावर अनवाणी चालायला सांगतात, पण पायाची संवेदना कमी झाली असेल तर फोड आलेला कळतच नाही आणि जखम चिघळते. डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा तळपायाला टेकवून ते तपासतात, मिनिटभराचं काम असतं, आधी ते करून घ्या मग काय ते रोलर.