लिस्बनचं १९९८ चं समुद्र प्रदर्शन आणि आपल्याकडचं जहाज

१९९८ म्हटलं की गोव्यातल्या जुन्या लोकांना वास्को द गामाचा वाद आठवतो. मे १४९८ मध्ये तो कालिकतजवळ पोचला, त्याला ५०० वर्षं झाली म्हणून पोर्तुगालला सोहळा हवा होता, आणि इथले स्वातंत्र्यसैनिक म्हणाले की ४५१ वर्षं आमच्या डोक्यावर बसलेल्यांचं कौतुक आम्ही का करायचं? बरोबरच होतं त्यांचं. (तसं पहिल्या खेपेला हा माणूस परतताना अंजदीव बेटावर थांबला तेवढाच, गोवा शहरात आला तो १५२४ ला व्हाइसरॉय होऊन, आणि त्याच डिसेंबरात कोचीला वारला.)

त्या सोहळ्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे लिस्बनचा एक्स्पो ९८. २२ मे ते ३० सप्टेंबर, विषय महासागर. टॅगस नदीकाठचा रिफायनरी न् गोदामांचा पडीक पट्टा साफ करून तिथे नवं शहरच उभं केलं, ५० लाख लिटरच्या टाकीचं मत्स्यालय बांधलं, नदीवर नवा पूल टाकला आणि त्यालाही नाव वास्कोचंच.

ही हौस त्यांना जुनीच. १८९८ ला ४०० वर्षं झाली तेव्हाही लिस्बनला वास्कोच्या नावाचं मत्स्यालय उघडलं होतं. १९४० ला हुकूमशहा सालाझारने लिस्बनच्या बेलें भागात 'पोर्तुगीज जगा'चं भलंमोठं प्रदर्शन भरवलं, बाहेर महायुद्ध पेटलेलं आणि आत आपल्या साम्राज्याचा डंका. त्यासाठी जुन्या घाटणीचं एक मोठं गलबत मुद्दाम बांधलं, तर ते पाण्यात सोडताक्षणी आडवं झालं! मग उचलून, डागडुजी करून लिस्बनला आणलं. पुढे ६ वर्षांत लोहियांनी मडगावात गोवामुक्तीसाठी सभा घेतली, त्यामुळे त्या डंक्याचं काय झालं ते आपल्याला माहीतच आहे.

पण मला या सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते एक्स्पो ९८ मध्ये मांडलेलं खरंखुरं जहाज, 'दों फेर्नांदु दुसरा इ ग्लोरिया'. ते बांधलं दमणच्या गोदीत, सागवान नगर हवेलीच्या जंगलातलं, कामाला पोर्तुगीज आणि आपले असे दोन्हीकडचे कारागीर, आणि सुतारांचा मुख्य मेस्त्री इथलाच, पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव 'यादो सेमोजी' असं काहीतरी लिहिलंय. १८४३ ला पाण्यात सोडलं, मग ओढत गोव्याला आणून डोलकाठ्या वगैरे इथे चढवल्या, आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये ते गोव्याहून निघून जुलैत लिस्बनला पोचलं. ५० तोफांचं, निव्वळ शिडांवर चालणारं, पोर्तुगीज नौदलाचं त्या जातीतलं शेवटचं लढाऊ जहाज. नावातली ग्लोरिया म्हणजे पोर्तुगालची राणी मारिया द ग्लोरिया आणि सायबीण (मेरी माता), दोघीही.

१८६५ ला ते तोफखान्याची शाळा झालं, १८७८ पर्यंत फिरलं, आणि बऱ्याच नंतर गरीब पोरांना शिकवायची जागा झालं. ३ एप्रिल १९६३ ला जळालं, म्हणजे दमण आणि गोवा दोन्ही मोकळे होऊन वर्ष उलटल्यावर. तब्बल २९ वर्षं ते टॅगसच्या चिखलात अर्धं बुडून पडलेलं होतं, पण सागवान टिकलं बरं का! १९९२ ला उचललं, दुरुस्त केलं आणि एक्स्पोला आणून उभं केलं.

म्हणजे इथे वास्कोच्या नावाने ठणाणा चालू असताना तिथे लोक रांगा लावून बघत होते ते काम आपल्या सुतारांचं, आणि मान मात्र पोर्तुगालच्या दर्यावर्दी परंपरेचा. त्या वादात खरं तर हा मुद्दा कुणीतरी जोरात मांडायला हवा होता, विरोध आणखी पक्का झाला असता असं मला वाटतं. आता ते जहाज लिस्बनच्या समोरच्या काठावर, काशीय्याशला म्युझियम म्हणून उभं आहे, तिकीट काढून आत फिरता येतं.