टीएस९ मॉड करताय? चिपला हात लावू नका, आधी तो कपॅसिटर बघा

गिटारवाल्या पोरांच्यात एकदा ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा, पायाने दाबायचा डबा) मॉड करायचा, म्हणजे त्याचे आतले भाग बदलायचा, विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी चिपवर येतेच येते. हिरवा डबा, आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर, त्यात जेआरसी४५५८डी नावाची आठ पायांची चिप, आणि ती जुनी ओरिजिनल चिप मिळाली म्हणजे स्वर्ग. मी पण याच नादात एकदा माझा टीएस९, म्हणजे याच ट्यूब स्क्रीमरचं एक मॉडेल, उघडला, चिपच्या जागी सॉकेट बसवलं आणि अख्खी संध्याकाळ तीन-चार वेगवेगळ्या चिपा काढत घालत बसलो. फरक? खरं सांगू का, फरक आहे असं वाटायचं, पण कुठली चिप घातलीये ते दुसऱ्याला बघायला लावलं आणि मी पाठ फिरवून वाजवलं तर मला एकदाही ओळखता आलं नाही.

असं का होतं ते समजायला आत काय चाललंय ते बघावं लागेल, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाहीये.

गिटारच्या पिकअपमधून येतो तो सिग्नल बारीक असतो. पेडलमधली चिप तो मोठा करते, टीएस९ मध्ये ड्राइव्हचा नॉब फुल केला तर जवळजवळ ११८ पट, आणि पूर्ण खाली आणला तरी साधारण १२ पट. आता चिपच्या आउटपुटपासून परत इनपुटकडे येणाऱ्या वाटेत दोन डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारे भाग, उलटसुलट जोडलेले असतात. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टपर्यंत गप्प बसतो, त्याच्यावर गेलं की वाट मोकळी करून देतो, आणि वाट मोकळी झाली की चिपचं ते ११८ पट मोठं करणं तिथल्या तिथे कोसळतं. म्हणजे लाटेचं शिखर वर चढायला लागलं की त्याचं पठार होतं. खालच्या बाजूलाही तेच. यालाच क्लिपिंग म्हणायचं.

पण पठार अगदी सपाट होत नाही, आणि मला वाटतं या सर्किटमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे. या जोडणीत चिपचं मोठं करणं शून्यावर येत नाही, एक पटीवर येऊन थांबतं, म्हणून आउटपुटला डायोडने कापलेली लाट अधिक तुमचा मूळ सिग्नल जसाच्या तसा अशी बेरीज मिळते. पठारावर मूळ लाटेचा छोटा उंचवटा राहतो. आवाज फाटल्यावरही हाताचा जोर थोडाफार कळतो तो यामुळेच.

लाट कापली की नवे सूर तयार होतात. ११० हर्ट्झचा ए वाजवला आणि वरखाली सारखंच कापलं तर ३३०, ५५० असे विषम पटीतले सूर मिसळतात. एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एक असं केलं, बॉस कंपनीच्या १९७७ च्या ओडी-१ पेडलमध्ये आणि नंतर एसडी-१ मध्ये असंच आहे, तर २२०, ४४० हे सम पटीतलेही येतात. म्हणून ज्यांना थोडा वेगळा पोत हवा असतो ते टीएस९ मध्ये एका बाजूला एक जास्तीचा डायोड टाकतात. काही जण डायोड काढून लाल एलईडी लावतात, तो साधारण १.७ व्होल्टला चालू होतो, मग कापणं उशिरा सुरू होतं आणि आवाज एकदम मोठा येतो. इथेच कान फसतो बघा, मोठा आवाज आपल्याला कायम चांगलाच वाटतो, त्यामुळे मॉड केल्यावर लेव्हलचा नॉब खाली आणून आधीइतकाच आवाज केल्याशिवाय काही ठरवू नका.

आता तो कपॅसिटर. चिपजवळ ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि त्याच्यासोबत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, वर ४७३ छापलेलं असतं. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी मोठे होतात. मी हिशोब करून बघितला, ड्राइव्ह फुल असताना जाड ई तार, म्हणजे ८२ हर्ट्झ, फक्त १३ पट मोठी होते. वरच्या सुरांना शंभराच्या आसपास आणि हिला १३. ट्यूब स्क्रीमरचा तो नाकातला, मधला आवाज जो म्हणतात ना तो बराचसा इथून येतो.

४७३ काढून १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड लावला की ७२० ची ती रेघ साधारण ३४० वर येते आणि तीच जाड तार १३ च्या जागी २८ पट मोठी होते, दुपटीहून जास्त. याला मॉडवाले फॅट मॉड म्हणतात. पुण्यात तापकीर गल्लीत काउंटरवर नुसतं ‘१०४ फिल्म द्या दोन’ म्हटलं की काम होतं, किंमत सांगायला पण लाज वाटते एवढी कमी. आणि हा फरक पाठ फिरवून वाजवलं तरी पहिल्या फटक्यात कळतो.

मग चिपचं काय? ४५५८ ची क्षमता अशी की ११८ पट करतानाही ती साधारण २५ हजार हर्ट्झपर्यंत पोचते, पण डायोडच्या शेजारी ५१ पिकोफॅरडचा एक पिटुकला कपॅसिटर बसलाय तो फुल ड्राइव्हला ५६०० हर्ट्झच्या आसपासच वरचे सूर दाबायला सुरुवात करतो, म्हणजे चिपची मर्यादा दिसायच्या आधीच सर्किटने दार ओढून घेतलेलं असतं. टीएस९ ला १९७९ च्या टीएस८०८ या जुन्या ट्यूब स्क्रीमरसारखं करायचं जे प्रसिद्ध मॉड आहे, शेवटचे दोन रेझिस्टर ४७० ओहम आणि १०० किलो वरून १०० ओहम आणि १० किलो करायचे, त्याचीही तीच गत. समोर दहा लाख ओहमचा अँप असेल तर एकात सिग्नल अर्धा टक्का पडतो, दुसऱ्यात एक टक्का. अर्ध्या टक्क्याचा फरक ऐकू येतो म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो.

तरी अमेरिकेत रॉबर्ट कीली किंवा अ‍ॅनालॉग मॅनवाले माइक पिएरा यांनी टीएस९ मॉड करून नाव कमावलं ते काही उगाच नाही, कारण त्यात नुसती चिप कधीच नसते, पण लोकांच्या लक्षात चिपच राहते. आणि ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉन हे पेडल वापरायचा तेव्हा त्याच्या आवाजाचा मोठा भाग पेडलने ढकललेल्या फेंडर अँपच्या ट्यूबांचा होता, हे पण विसरतात.

फॅट मॉड करून मी खूष होऊन जॅमला गेलो आणि दुसऱ्याच गाण्यात बेसवाला माझ्याकडे बघायला लागला. खालचे सूर जास्त कापले गेले की ते एकमेकांत मिसळून बेरीज-वजाबाकीचे नवे सूर काढतात. वरखाली सारखंच कापलं की एका सुराच्या दुपटीतून दुसरा वजा होतो. पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे ११० आणि १६५ या दोन सुरांत, २२० वजा १६५ म्हणजे ५५ येतो, तो खालचाच ए, म्हणून गोड लागतं. पण ११० बरोबर १३८.६ चा सी शार्प धरला की २२० वजा १३८.६ म्हणजे ८१.४ येतो, जाड ई च्या जरासा खाली, बेसूर, नुसता चिखल, आणि तो बरोबर बेसच्या जागेत जाऊन बसतो. घरी एकटा वाजवताना जे पातळ वाटत होतं ते बँडमध्ये जागा सोडणं होतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

शेवटी मी मूळ ४७३ परत बसवला आणि त्याला समांतर दुसरा ४७३ एका छोट्या टॉगल स्विचवरून जोडला. समांतर कपॅसिटरची बेरीज होते, ०.०९४, म्हणजे जवळजवळ १०४ च. डब्याच्या कडेला भोक पाडताना हिरवा रंग जरा उडाला. घरी स्विच वर, जॅमला खाली, आणि वाजवताना मध्येच बदलला तर स्पीकरमधून टप्प असा आवाज येतो तेवढाच.