लॅपटॉप मुका का होतो: ऑडिओ ड्रायव्हरची पार्श्वभूमी

जुन्या लॅपटॉपवर नव्याने विंडोज मारली, वायफाय चालू झाले, पडदाही नीट दिसतो, पण घड्याळाशेजारच्या स्पीकरवर लाल फुली. दुकानदार म्हणतो, ‘ड्रायव्हर उडालाय.’ ड्रायव्हर म्हणजे एखादे हार्डवेअर कसे चालवायचे हे विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्राम. बहुतेक वेळा त्याचे बरोबरच असते. तरी ड्रायव्हर परत टाकूनही काही लॅपटॉप मुकेच राहतात, आणि काहींत हेडफोन वाजतो पण स्पीकर नाही. असे का, हे कळायला पीसीतल्या आवाजाचे काम कुठून कुठे सरकत गेले ते पाहावे लागते.

१९८१च्या आयबीएम पीसीत टायमर चिपला जोडलेला एक छोटा स्पीकर होता. तो ‘पीं’ करायचा, त्याला ड्रायव्हर लागत नसे. १९८७ मध्ये यामाहाची चिप असलेले अ‍ॅडलिब कार्ड आले आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या काळात प्रत्येक गेम थेट कार्डाशी बोलत असे, म्हणून कार्डाचा पत्ता २२०, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारण्याची तार) ५ किंवा ७, डीएमए (मेमरीतून थेट माहिती नेण्याचा मार्ग) १ हे आकडे संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये हाताने लिहावे लागत. इंटरप्ट ७ प्रिंटर पोर्टचाही होता, त्यामुळे दोघांत भांडण ठरलेलेच. पुढे विंडोजने प्रोग्राम आणि कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर बसवला, आणि विंडोज ९५च्या प्लग अँड प्लेने, म्हणजे कार्ड आपोआप ओळखण्याच्या सोयीने, आकडे लिहिण्याची कटकट बरीच कमी केली.

लॅपटॉपचे दुखणे मात्र १९९७ पासूनचे आहे. त्या वर्षी इंटेलने एसी-९७ नावाचे मानक आणले आणि साउंड कार्डाचे दोन तुकडे झाले. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांची ने-आण करणारा कंट्रोलर चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांत, गेला. आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारी कोडेक नावाची छोटी चिप वेगळी राहिली. पूर्वी कार्डावरची चिप करायची ती अनेक आवाज एकत्र मिसळण्यासारखी कामे प्रोसेसरवर, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर आली. बोर्ड स्वस्त झाला, पण ड्रायव्हर नसेल तर आवाज नाही हे त्याबरोबर पक्के झाले.

२००४ मध्ये इंटेलनेच एचडी ऑडिओ आणले. कमाल १९२ किलोहर्ट्‌झ, ३२ बिट, आठ चॅनल, हे आकडे जाहिरातीला बरे. दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. या मानकात कोडेक स्वतःची ओळख सांगते: माझ्यात इतके कन्व्हर्टर आहेत, इतक्या पिना आहेत. पण कोणत्या पिनेला स्पीकर जोडला, कोणत्या पिनेला हेडफोनचा जॅक, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. ती माहिती बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम, प्रत्येक पिनेच्या ३२ बिटांच्या नोंदीत भरून ठेवतो. शिवाय स्पीकरच्या आधी बहुधा एक अ‍ॅम्प्लिफायर असतो. तो जागा करण्याचा इशारा कुठल्या तारेवरून द्यायचा, हे अनेकदा फक्त निर्मात्याच्या ड्रायव्हरलाच ठाऊक असते. विंडोजमधला सर्वसाधारण ड्रायव्हर कोडेक ओळखतो, आवाजाची पट्टी हलताना दिसते, हेडफोन वाजतो, आणि स्पीकर गप्प. अ‍ॅम्प्लिफायर झोपलेला असतो.

म्हणून रिअलटेकचीच एएलसी२६९ ही चिप वेगवेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये असली, तरी एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालेलच असे नाही. चिपच्या नावावरून शोधू नका. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन त्याच्याच निर्मात्याच्या साइटवरून पॅकेज उतरवा. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप शोधणारे’ फुकट प्रोग्राम इथेच फसतात.

विंडोज एक्सपी २००१ची, त्यामुळे तिला एचडी ऑडिओची बस, म्हणजे कंट्रोलर आणि कोडेक यांना जोडणारा मार्गच, माहीत नव्हती. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या सुधारित आवृत्तीवर आधी मायक्रोसॉफ्टचा केबी८८८१११ हा पॅच (दुरुस्तीची फाइल) बसवायचा आणि मग कोडेकचा ड्रायव्हर. क्रम चुकला की सेटअप मधेच अडकायचा. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टात आवाजाची सगळी मांडणी नव्याने लिहिली गेली आणि सर्वसाधारण एचडी ऑडिओ ड्रायव्हर विंडोजमध्येच आला. त्याच व्हिस्टाने ड्रायव्हर स्टोअर हा, ड्रायव्हरच्या प्रती साठवणारा, गोदामासारखा फोल्डरही आणला. ‘अनइन्स्टॉल केला तरी तोच बिघडलेला ड्रायव्हर परत येतो’ ही तक्रार तिथून सुरू होते.

त्यावर उपाय असा. आधी इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीत, ऑडिओच्या नोंदीवर अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसण्याच्या चौकटीत खूण करा. वरच्या मेनूतून हार्डवेअर पुन्हा शोधायला लावा. गोदामात आणखी जुनी आवृत्ती असेल तर तीच उगवते. ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हे साधे नाव दिसेपर्यंत हेच करत राहा. मग रीस्टार्ट, निर्मात्याचे पॅकेज, पुन्हा रीस्टार्ट. चिपसेटचा ड्रायव्हर राहिला असेल तर तो ऑडिओच्या आधी.

हे करण्यापूर्वी दोन मिनिटे हार्डवेअर आयडी पाहण्यात घालवा. डिव्हाइसच्या गुणधर्मांत ‘डिटेल्स’खाली तो मिळतो. त्यातला वेंडर, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४एफ१ कोनेक्संट, १११डी आयडीटी. फक्त ८०८६, म्हणजे इंटेलची डिस्प्ले ऑडिओ, दिसत असेल तर ती एचडीएमआयमार्गे टीव्हीला आवाज देणारी नोंद आहे. म्हणजे स्पीकरची कोडेक विंडोजला दिसतच नाही. बायॉसमध्ये ऑडिओ बंद आहे का ते तपासा. चालू असूनही कोडेक दिसत नसेल, तर चिप गेल्याचा संशय घ्यावा. मात्र नव्या यंत्रांत पुढचे कारण आधी पाहावे.

२०१४ नंतरच्या स्वस्त अ‍ॅटम लॅपटॉप-टॅबलेटांनी बरेच जण हैराण झाले. त्यांत अनेकदा एचडी ऑडिओ नसतेच. कोडेक मोबाइलसारखी आयटूएस नावाच्या साध्या आवाजवाहक तारांवर असते आणि ती स्वतःची ओळख सांगत नाही. साधा ड्रायव्हर तिथे लागूच होत नाही. पुढच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये मध्ये स्मार्ट साउंड नावाचा डीएसपी, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारा वेगळा छोटा प्रोसेसर, आला. त्याचा ड्रायव्हर नसेल तर मागची कोडेक झाकलेलीच राहते. अशा यंत्रांवर फॉरमॅट मारण्याआधी चालू ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून घ्यावेत. विंडोज १० मध्ये त्यासाठी पीएनपीयुटिल ही आज्ञा आहे. नंतर निर्मात्याने पान काढून टाकले की शोधत बसावे लागते.

दोष ड्रायव्हरचा की हार्डवेअरचा, हे ठरवायला लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स ही दुसरी प्रणाली) स्वस्त आणि मस्त. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, अनेक लॅपटॉपांच्या पिनांच्या तोडग्यांची यादीच आहे. तिथे स्पीकर वाजला तर विंडोजच्या ड्रायव्हरमागे लागण्यात अर्थ आहे. नाही वाजला तर लगेच निकाल देऊ नका, कारण तुमचे मॉडेल त्या यादीत नसूही शकते.

आणि हेडफोनचा जॅक बघा. एसी-९७च्या काळात बऱ्याच लॅपटॉपमध्ये जॅकमधली पत्तीच स्पीकरची तार तोडायची. एचडी ऑडिओत ती फक्त ‘हेडफोनची पिन आत आहे’ असे कोडेकला कळवते आणि स्पीकर ड्रायव्हर बंद करतो. काही खुपसलेले नसताना आवाजाच्या यादीत ‘हेडफोन्स’ दिसत असेल, तर पत्ती अडकली आहे किंवा आत धूळ आहे. लॅपटॉप बंद करून हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आतबाहेर करा.