एचडीआर चालू केलं की स्क्रीन फिकी का पडते, आणि मॉनिटरचं खरं माप कसं घ्यायचं

विंडोजमध्ये एचडीआरचं, म्हणजे जास्त उजळ पांढरा आणि जास्त गडद काळा दाखवणाऱ्या हाय डायनॅमिक रेंजचं, बटण चालू केलं की बऱ्याच जणांना पहिला धक्का सारखाच बसतो. डेस्कटॉप धुतल्यासारखा दिसतो, काळा रंग राखाडी होतो, आणि मग "यापेक्षा आधीचंच बरं होतं" म्हणत बटण परत बंद. कोणी मॉनिटरला शिव्या घालतं, कोणी विंडोजला. पण पुष्कळदा खरी भानगड इतकीच असते की समोरची स्क्रीन किती उजेड देऊ शकते आणि किती काळी होऊ शकते हे कॉम्प्युटरला धड माहीतच नसतं, आणि तो अंदाजपंचे चित्र पाठवत राहतो.

जुन्या पद्धतीत, म्हणजे एसडीआरमध्ये (स्टँडर्ड डायनॅमिक रेंज), हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे सिग्नल फक्त प्रमाण सांगतो. २५५ हा सगळ्यात वरचा आकडा आला की मॉनिटर त्याच्याकडे असेल तेवढा सगळा उजेड देतो, मग तो दीडशे निटचा असो नाहीतर साडेतीनशेचा. निट म्हणजे एका चौरस मीटरला एक कॅन्डेला, स्क्रीन किती उजळ दिसते ते मोजायचं एकक. एसडीआर व्हिडिओ स्टुडिओत बनतो तो १०० निटचा पांढरा धरून. भर उन्हात ठेवलेला पांढरा कागद तीस हजार निटच्या आसपास असतो, म्हणजे बघा आपण किती आकसलेलं जग इतकी वर्षं बघत आलो.

एचडीआरमध्ये नियम बदलतो. डॉल्बीच्या लोकांनी पीक्यू नावाचा एक वक्र तयार केला, २०१४ मध्ये एसएमपीटीई या सिनेमा-टीव्हीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तो एसटी २०८४ या नावाने मानक म्हणून घेतला, आणि २०१६ मध्ये तो आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या बीटी २१०० या मानकातही आला. या वक्रात प्रत्येक आकडा ठरावीक निटचा असतो. ३०० निटचा आकडा आला तर ३००च द्यायचे, कमी नाही जास्त नाही. वरची मर्यादा १०,००० निट. म्हणूनच एचडीआर चालू केलं की कितीतरी मॉनिटरवर ब्राइटनेसचं बटणच गोठतं, आणि लोकांना वाटतं मॉनिटर बिघडला.

या वक्राची गंमत अशी की सिग्नलच्या आकड्यांच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर पाच हजार निट नसतात, असतात फक्त ९२ च्या आसपास! हजार निट येतात पाऊण पट्टीवर. म्हणजे अर्धी पट्टी अंधाऱ्या भागासाठीच राखून ठेवलीय, कारण आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बेरजेने कळत नाही, प्रमाणात कळतो. काळोखात अर्ध्या निटचा फरक ठळक दिसतो, पाचशे निटच्या ढगात तोच अर्धा निट कोणाला कळणार. पीटर बार्टन यांनी डोळ्याच्या या क्षमतेचं जे गणिती मॉडेल मांडलं होतं त्यावरच पीक्यूच्या पायऱ्या बेतल्या आहेत, म्हणजे दोन शेजारच्या आकड्यांमधला फरक डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल एवढाच राहावा. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेचा एचएलजी म्हणून दुसरा प्रकार आहे, तो टीव्ही प्रसारणासाठी, कॉम्प्युटरवर आपला संबंध बहुतेक पीक्यूशीच.

आता सिनेमा बनलाय हजार निटच्या मॉनिटरवर, कधी कधी चार हजारच्या, आणि आपल्या टेबलावरचा मॉनिटर साडेचारशेवर दम टाकतो. वरचा सगळा उजेड कुठेतरी दाबून बसवावा लागणार, त्याला म्हणतात टोन मॅपिंग. खरा घोळ होतो ते दाबायचं कोणी यावरून. गेमला वाटतं स्क्रीन आठशे निटची आहे, तो त्या हिशोबाने दाबतो, मग मॉनिटर स्वतःच्या डोक्याने परत दाबतो. शिंप्याने पॅन्ट आखूड करून दिली आणि घरी आईने न बघता परत दुमडून टाके घातले, तसला प्रकार. ढगातले बारकावे जातात, चेहरे मेणाचे दिसायला लागतात, आणि एवढं करून सगळं चित्र अंधारलेलं ते वेगळंच.

मॉनिटरच्या आत ईडीआयडी नावाची छोटीशी माहिती साठवलेली असते, त्यात त्याने स्वतःचा कमाल आणि किमान उजेड सांगायचा असतो. पण ते आकडे बरेचदा ढोबळ असतात, कधी नसतातच. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विंडोज ११ साठी एचडीआर कॅलिब्रेशनचं फुकट ॲप काढलं, एक्सबॉक्सवर अशी सोय आधीपासून होती. हे ॲप रंगबिंग फारसे सुधारत नाही हे आधीच सांगतो. ते फक्त तुमच्या डोळ्याला साक्षीदार करून स्क्रीनच्या मर्यादा विचारतं आणि उत्तरं एका कलर प्रोफाइलमध्ये लिहून ठेवतं, मग ती नोंद वाचणारे गेम आणि ॲप्स त्याप्रमाणे एकदाच आणि नीट दाबतात.

ॲप उघडायच्या आधी मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, नाइट लाइट बंद करा, आणि मॉनिटरच्या मेनूत जाऊन डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, व्हिव्हिड, इको असलं जे जे स्वतःचं शहाणपण चालवतं ते बंद करा, लोकल डिमिंग, म्हणजे चित्रातल्या काळ्या भागामागचा दिवा तेवढ्यापुरता मंद करायची सोय, असेल तर मात्र चालू ठेवा. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर त्यात एचजीआयजी नावाचा पर्याय असतो का बघा, तो निवडला की टीव्ही आपलं टोन मॅपिंग बाजूला ठेवतो.

पहिली चाचणी काळ्याची. स्क्रीनवर एक पुसटसा नमुना दिसतो, स्लायडर सरकवत तो जेमतेम दिसेनासा होईल तिथे थांबायचं. ओलेडवर हे शून्यालाच जाऊन टेकतं कारण तिथे मागे दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि खरोखर विझतो. आयपीएस पॅनलचं, म्हणजे मागे दिवा असलेल्या नेहमीच्या एलसीडीचं, कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक असतं, म्हणजे मागचा दिवा पूर्ण पेटवून ४०० निटचा पांढरा दिला की काळाही ०.४ निट उजेड फेकतच राहतो. एचडीआर चालू केल्यावर काळा राखाडी होण्याचं एक मोठं कारण हेच, मॉनिटर बॅकलाइट फुल करतो आणि झाकायला काही नसतं.

आणि इथे खोलीतला उजेडही मोजायला हवा, जो कोणी मोजत नाही. समजा ट्यूबलाइटचा १०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड स्क्रीनवर पडतोय आणि स्क्रीन त्यातला एक टक्का जरी सगळीकडे विखरून परत देत असेल, तर गणित येतं ०.३ निटच्या वर. डिस्प्लेएचडीआर या मॉनिटरच्या एचडीआर प्रमाणपत्रांमधलं ट्रू ब्लॅक प्रमाणपत्र ०.०००५ निटच्या काळ्यासाठी मिळतं, पण त्या खोलीत बसून तुम्ही बघताय तो काळा त्याच्या सहाशे पट उजळ आहे. म्हणून ही चाचणी ज्या उजेडात तुम्ही खरोखर बसता त्याच उजेडात करायची, पडदे लावून मुद्दाम काळोख करून नाही.

दुसरी चाचणी कमाल उजेडाची, आणि हीच लोक सर्वात जास्त चुकवतात. इथेही नमुना गायब होईपर्यंत सरकवायचं, तो गायब होतो कारण नमुना आणि त्यामागचा पांढरा दोन्ही पॅनलच्या डोक्यावरून जातात आणि एकसारखेच दिसतात. पण लक्षात घ्या, यात तुमचा मॉनिटर किती उजळ आहे ते मोजलं जात नाही, तो कुठे हात टेकतो ते मोजलं जातं. एखादा मॉनिटर आतल्या आत हळूहळू दाबणारा असला तर नमुना दोन हजार, चार हजारपर्यंत दिसतच राहतो, आणि मग साडेचारशेच्या मॉनिटरवाला खुश होऊन सगळ्यांना सांगतो की माझा चार हजारचा निघाला. असं झालं तर मॉनिटरचा दुसरा एचडीआर मोड लावून बघा, एखादा मोड सरळ कापणारा असतो, कॅलिब्रेशन त्याच्यावर करा. तो नसेल तर कोणी यंत्राने मोजलेला आकडा शोधून हाताने तोच ठेवा.

तिसरी चाचणी पूर्ण पांढऱ्या स्क्रीनची. ओलेडच्या छोट्या कोपऱ्यात सूर्य चमकला तर तो हजार निट देईल, पण सगळी स्क्रीन बर्फाने भरली की वीज आणि उष्णता दोन्ही आवरायला तो स्वतःला खूप खाली आणतो, काही तर २५० पर्यंत. त्यामुळे इथला आकडा आधीच्यापेक्षा बराच कमी आला तर घाबरू नका. शेवटी रंगाच्या गडदपणाचा एक स्लायडर येतो, तो माझं ऐकाल तर हलवू नका, किंवा अगदी नखभर हलवा.

एवढं करूनही डेस्कटॉप फिकाच वाटेल, कारण तो वेगळा मुद्दा आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एचडीआरच्या खाली एसडीआर कंटेंट ब्राइटनेस म्हणून पट्टी असते, ती साधारण ८० पासून ४८० निटपर्यंत जाते. एचडीआर प्रसारणात नेहमीचा पांढरा २०३ निटचा धरतात, तो या पट्टीवर तिसाच्या आसपास पडतो, तिथून सुरू करून खोलीप्रमाणे वरखाली करा. त्यात विंडोज साध्या चित्रांना एसआरजीबी या साध्या स्क्रीनच्या रंगमानकाचा मूळ तुकड्यातुकड्यांचा वक्र लावतं आणि बहुतेक मॉनिटर एरवी गॅमा २.२ या जरा वेगळ्या वक्रावर चालतात, त्यामुळे गडद भाग थोडे उचललेले दिसतात. हे कॅलिब्रेशन ॲपने जात नाही. दिवसभर एक्सेल आणि ब्राउझरच असेल तर एचडीआर बंदच ठेवा आणि सिनेमा लावताना विंडोज, ऑल्ट आणि बी एकत्र दाबून चालू करा.

डोळ्याऐवजी स्क्रीनवर टेकवायचं यंत्र, म्हणजे कलरिमीटर, घ्यावं का? फोटो किंवा व्हिडिओचं काम पोटापाण्याचं असेल तर हो, गेमसाठी नाही. त्यातही भानगड आहे. रंगाचे आकडे आजही सीआयई या उजेड-रंगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ च्या प्रमाणित डोळ्यावर चालतात, आणि तो डोळा राइट आणि गिल्ड यांच्या प्रयोगांतल्या जेमतेम १७ माणसांच्या मोजमापातून बनलाय. ओलेड आणि जुना एलसीडी दोन्हीवर यंत्र एकच पांढरा सांगतं आणि शेजारी ठेवले की एक हिरवट दिसतो, यंत्राचा दोष नसतानाही, कारण तुमचा डोळा त्या प्रमाणित डोळ्याशी तंतोतंत जुळत नाही.

आणि प्रोफाइल त्या मोडपुरतं असतं. मॉनिटरचा मोड बदलला, लोकल डिमिंग चालू-बंद केलं, फर्मवेअर अपडेट केलं की जुने आकडे बाद, ॲप परत चालवा. पाच मिनिटांचं काम आहे. गेममध्ये पीक ब्राइटनेस वेगळा विचारला तर दुसऱ्या चाचणीचा आकडा द्या, पेपर व्हाइट, म्हणजे नेहमीचा पांढरा, विचारला तर दोनशेच्या आसपास ठेवा, आणि मॉनिटरच्या खोक्यावर नुसतं डिस्प्लेएचडीआर ४०० असेल तर या सगळ्यातून फार चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, त्या पातळीला लोकल डिमिंगची अटच नव्हती.